तेराव्या महिन्याची कसोटी

मार्चअखेर जवळ आली की देशभर एक विशिष्ट लगबग सुरू होते. रेल्वे स्थानकाबाहेर छत्रीखाली मांडलेले टेबल, गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाशी गळ्यात ओळखपत्र अडकवून उभे असलेले तरुण, भ्रमणध्वनीवर दिवसातून चार वेळा येणारे संदेश, या सर्वांना एकच वस्तू हवी असते आणि ती म्हणजे नवे नाव. बँक असो, विमा कंपनी असो वा घरपोच किराणा देणारे अॅप असो, वर्षाच्या हिशोबात ‘इतके नवे ग्राहक जोडले’ हे वाक्य अग्रभागी छापले जाते. या वाक्यातील ‘ग्राहक’ हा शब्द आम्हांला खटकतो. अर्जावर सही करणारा माणूस आणि ग्राहक यांच्यात बरेच अंतर असते. ग्राहक मिळवण्याच्या युक्त्यांची, मग त्या रस्त्यावरच्या असोत वा पडद्यावरच्या, पारख करायची तर या अंतराचे त्या काय करतात एवढेच पाहावे, असे आमचे मत आहे.

‘ग्राहक’ हा सभेतला शब्द, ‘गिऱ्हाईक’ हा बाजारातला. या दुसऱ्या शब्दाला एक वाकडा अर्थही चिकटला आहे. एखाद्याला ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याला बनवून त्याची मजा पाहणे. भाषेने हा अनुभव उगीच साठवून ठेवलेला नाही. पण त्याच बाजारात भाजीवाली पैसे घेतल्यावर पिशवीत कढीलिंबाची काडी आणि चार कोथिंबिरीच्या काड्या वर टाकते. ती व्यवहाराआधी काही देत नाही, झाल्यावर देते. आणि जे देते ते तिच्याच टोपलीतले असते.

भारतीय बँकिंगच्या इतिहासात या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगी युक्ती जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची आहे. उडुपी येथे १९२५ साली एक बँक स्थापन झाली. पुढे ती सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. या बँकेने १९२८ साली ‘पिग्मी’ नावाची ठेव योजना सुरू केली. रोज दोन आणे, एवढी लहान ठेव. विणकर, फेरीवाला, किरकोळ दुकानदार यांनी बँकेची पायरी चढावी, अशी अपेक्षाच नव्हती. बँकेचा प्रतिनिधी रोज त्यांच्या दारी जाई. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी ही पद्धत पुढे इतकी आत्मसात केली, की संध्याकाळी दुकानात येणारा ‘पिग्मीवाला’ हा कोल्हापूर-सांगलीपासून विदर्भापर्यंतच्या बाजारपेठांना घरच्यासारखा वाटू लागला.

या योजनेचे कौतुक सहसा दोन आण्यांसाठी होते. आम्हांला मात्र तिच्यातील प्रतिनिधीच्या मोबदल्याची रचना अधिक महत्त्वाची वाटते. त्याचे कमिशन गोळा केलेल्या ठेवींच्या रकमेवर अवलंबून असे. नवे नाव लिहून आणले आणि काम संपले, असे त्याला म्हणता येत नसे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षीही त्या दुकानाची पायरी त्याला चढावी लागे, आणि दुकानदाराने पैसे द्यावेत इतका विश्वास टिकवावा लागे. हे कष्टाचे काम होते. या ठेव-संकलकांना कामगार म्हणावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००१ साली ते कामगारच ठरतात, असा निर्णय झाला. जो माणूस एका संस्थेची ओळख वर्षानुवर्षे आपल्या पायांवर वाहून नेतो, त्याला ‘बाहेरचा’ म्हणणे तसेही अवघडच होते.

आता पडद्यावरच्या युक्त्यांकडे वळू. ‘माझा कोड वापरून नोंदणी कर, तुला पन्नास, मला पन्नास’ असा भाच्याने मामाला पाठवलेला निरोप आज प्रत्येक कुटुंबाला परिचित आहे. यात नात्याचा विश्वास थोडा-थोडा खर्च होतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तरीही ही पद्धत सरसकट वाईट म्हणता येत नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘भीम’ या अॅपसाठी १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे बक्षीस योजना जाहीर झाली. तिची अट वाचण्याजोगी होती. नव्या माणसाने केवळ अॅप उतरवून घेतल्याने कुणालाच काही मिळत नव्हते. त्याने तीन वेगवेगळ्या व्यक्तींशी तीन व्यवहार करून किमान पन्नास रुपये पाठवले, की मग दोघांना दहा-दहा रुपये मिळत. म्हणजे शिकवणाऱ्याला शेजारी बसून शिकवणे भाग पडे. पिग्मीच्या कमिशनमागचा विचारच येथे नव्या वेषात दिसतो.

यावर कुणी म्हणेल, की मग ‘भीम’ आज आघाडीवर का नाही? प्रश्न रास्त आहे. २०२३ ते २०२५ या वर्षांत यूपीआयच्या व्यवहारांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा फोनपे आणि गूगल पे या दोन खासगी अॅपांकडे होता. त्यांपैकी गूगलचे अॅप सप्टेंबर २०१७ मध्ये ‘तेज’ या नावाने आले आणि खरवडून पाहायच्या चकत्यांनी त्याने लोकांना वेड लावले. २०१९ च्या दिवाळीत तर २५१ रुपयांसाठी ‘रांगोळी’चा शिक्का शोधत अवघा देश एकमेकांच्या दारी विनवण्या करत होता. या खेळाने माणसे आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती टिकली ती शिक्क्यामुळे नव्हे. गल्लोगल्ली हिंडून चहाच्या टपरीवर, फुलवालीच्या टोपलीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवणारे तरुण या यशाचे खरे शिल्पकार आहेत. त्यानंतर २०१९ च्या सुमारास पेटीएमने आणलेला, रक्कम मोठ्याने उच्चारणारा छोटा डबा आला आणि गर्दीच्या वेळी पैसे आले की नाही, ही दुकानदाराची खरी चिंता दूर झाली. त्या डब्याचे दरमहा भाडे दुकानदार देतो. बक्षीस घेणारा माणूस ज्या दिवशी भाडे देऊ लागतो, त्या दिवशी तो ग्राहक झाला.

फुकट देण्याविषयीही हाच विवेक ठेवावा लागतो. रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ पासून ३१ मार्च २०१७ पर्यंत सेवा विनामूल्य दिली आणि फेब्रुवारी २०१७ मध्येच दहा कोटींचा टप्पा ओलांडला. पुढे पैसे पडू लागल्यावरही असंख्य लोक राहिले, कारण फुकट दिली होती ती प्रत्यक्ष सेवाच. भांडे, छत्री किंवा प्रवासाची बॅग देऊन काढून घेतलेल्या सहीचे तसे नसते. बॅग फाटली की नाते संपते, किंबहुना त्याच्या आधीच संपते.

नावांच्या आकड्याने डोळे दिपण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले. प्रधानमंत्री जनधन योजनेचा २८ ऑगस्ट २०१४ रोजी आरंभ झाला आणि २३ ते २९ ऑगस्ट या एका आठवड्यात १ कोटी ८० लाखांहून अधिक खाती उघडली गेली. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. देशभरातील बँक कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत घेतलेले श्रम अभूतपूर्व होते, यात शंका नाही. परंतु त्या सप्टेंबरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश खात्यांत एक रुपयाही नव्हता. शून्य शिलकेची टक्केवारी खाली आणण्याचे दडपण आले, तेव्हा काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया भरला, हे २०१६ साली वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. त्या कर्मचाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. ज्याची मोजदाद होते तेच घडवून आणले जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ५१ कोटींपैकी १० कोटींहून अधिक खाती निष्क्रिय होती, म्हणजे दर पाचांतील एक.

उरलेली चार कशाने जिवंत राहिली, हेही पाहिले पाहिजे. गॅसचे अनुदान, शेतकऱ्यांचे सन्मान निधीचे हप्ते, निवृत्तिवेतन, रोजगार हमीची मजुरी अशा रकमा थेट खात्यांत जमा होऊ लागल्या. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या काळात महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा पाचशे रुपये आले, तेव्हा शाखांसमोर उभ्या राहिलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. खाते उघडल्यानंतर सहा वर्षांनी त्यांतील कित्येक स्त्रिया प्रथमच बँकेच्या ग्राहक झाल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

‘दुष्काळात तेरावा महिना’ असे आपण संकटावर संकट आले की म्हणतो. विमा व्यवसायात मात्र तेराव्या महिन्याला वेगळाच मान आहे. पॉलिसी विकली किती, यापेक्षा तेराव्या महिन्यात तिचा हप्ता किती जणांनी भरला, हे प्रमाण आयुर्विमा कंपन्यांना जाहीर करावे लागते. तसेच पंचविसाव्या, सदतिसाव्या, एकोणपन्नासाव्या आणि एकसष्टाव्या महिन्याचेही. गोड बोलून गळ्यात मारलेली पॉलिसी पहिल्या वर्षी लपते, तेराव्या महिन्यात उघडी पडते. आमची सूचना अशी, की बचत खाती, क्रेडिट कार्डे आणि मोबाइल बँकिंगची नोंदणी यांनाही हीच कसोटी लावावी. वार्षिक अहवालात ‘नवी खाती’ या रकान्याशेजारी ‘तेराव्या महिन्यात चालू असलेली खाती’ असा रकाना असावा आणि शाखाधिकाऱ्याची पाठ थोपटायची ती दुसऱ्या रकान्यासाठी. ही सूचना ग्राहकांइतकीच कर्मचाऱ्यांच्या हिताची आहे. लक्ष्याचा आकडा गाठण्यासाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडून सह्या घेत फिरणारा तरुण अधिकारी त्या जाचातून काही अंशी मोकळा होईल.

नियामकांची पावले याच दिशेने पडलेली दिसतात. न मागितलेले क्रेडिट कार्ड पाठवू नये, आणि पाठवलेले कार्ड तीस दिवसांत सुरू केले गेले नाही तर ओटीपीद्वारे ग्राहकाची संमती घ्यावी, ती न मिळाल्यास कोणताही खर्च न आकारता खाते बंद करावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत सांगितले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरील तेरा प्रकारच्या छुप्या क्लृप्त्यांवर बोट ठेवले. ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई, न निवडलेली वस्तू बिलात गुपचूप घालणे, नकार देणाऱ्याला लाजवणारे वाक्य, आत शिरायला एक दार आणि बाहेर पडायला एकही नाही अशी वर्गणी, या सर्वांची त्यांत गणना आहे. टेबलाशी उभ्या असलेल्या प्रतिनिधीला वाचकांनी एक प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही: ‘आपल्याला मोबदला माझ्या सहीवर मिळतो की मी सेवा वापरल्यावर?’

आमच्या वाचकांत दुकानदार, खाणावळ चालवणाऱ्या भगिनी, शिकवणी वर्गांचे चालक असे पुष्कळजण आहेत. त्यांनाही आता जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर पैसे खर्च करण्याचा आग्रह होत असतो, आणि हजार क्रमांकांची यादी स्वस्तात मिळते असे सांगणारेही भेटतात. अशी यादी घेऊ नये. तिच्यातील कुणीही आपल्याला परवानगी दिलेली नसते. त्यापेक्षा डबा नेणाऱ्या प्रत्येकाला दहाव्या डब्यासोबत एक गोड पदार्थ द्यावा, आणि त्याने आणलेल्या नव्या गिऱ्हाइकाचा पहिला महिना पुरा झाला की दोघांनाही द्यावा. जाहिरात करायचीच असेल तर यंदाच्या दिवाळीत नोंदवलेली नावे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत आणि त्यांपुढचा एक रकाना कोरा सोडावा. तो पुढच्या दिवाळीनंतर महिन्याभराने भरावा.