अक्षर लागत नाही तेव्हा

ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ (१९८०) हे नाटक शिकवताना आम्हांला एक अनुभव वारंवार येतो. १८३३ सालच्या डोनेगलमध्ये ब्रिटिश सैन्याचे मोजणीदार आयरिश गावांची नावे इंग्रजी वळणात बसवतात आणि विद्यार्थी वहीत ‘वसाहतवादाचे रूपक’ असे लिहून मोकळे होतात. देश सोडून गेलेल्या आपल्या आयरिश पूर्वजाचे जन्मगाव शोधणाऱ्या माणसाला मात्र त्यात रूपक दिसत नाही. त्याच्यापुढे न लागणारे अक्षर असते.

इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसापुढे ‘आय’ हे एकच रोमन अक्षर आढळते. ज्या देशात साठ हजारांहून अधिक ‘टाउनलँड’, म्हणजे स्वतंत्र नाव असलेले जमिनीचे लहानमोठे तुकडे आहेत, त्या देशाची ही बोळवण! खुद्द आयर्लंडात शोधावे, तर १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखान्यासोबत जळाली. १८६१ ते १८९१ ची पत्रके त्याआधी सरकारनेच नष्ट केली होती. (आगीविषयी सारे बोलतात, या दुसऱ्या गोष्टीविषयी फारसे कोणी बोलत नाही.) सर्व जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून. त्यापूर्वीच्या कॅथलिक गरिबांसाठी मुख्य आधार उरतो तो चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांचा. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांची छायाचित्रे सर्वांना खुली केली.

या वह्यांत आई बोलते आयरिश, पाद्री लिहितो लॅटिन किंवा इंग्रजी. जेम्सचा ‘जॅकोबस’ होतो. तो निदान ओळखता येतो. गावाच्या नावाचे तसे नाही. आयरिशमध्ये ‘किल्ल’ म्हणजे चर्च आणि ‘क्विल’ म्हणजे रान. इंग्रजी लेखणीखाली दोहोंचे पुष्कळदा ‘किल’ झाले. त्यामुळे ‘किलमोर’ हे मोठे चर्च की मोठे रान, हे कागदावरून कळत नाही. शिवाय किलमोर एक नाही, अनेक आहेत.

आमचा आक्षेप आहे तो या नोंदींच्या टंकलिखित सूच्यांवर विसंबण्याला. सूच्यांमुळे असंख्य सामान्य माणसांना शोध शक्य झाला, हे आम्ही नाकारत नाही. परंतु विचित्र दिसणाऱ्या नावाच्या जागी सूचीकार जवळचे परिचित नाव बसवतो, तेव्हा तो नकळत पुरावाच पुसतो. पाठचिकित्सेत आपण कठीण पाठाला मान देतो, कारण लेखनिक सहसा कठिणाचे सोपे करतो. तोच न्याय येथे का नसावा? वेडेवाकडे लिहिलेले गाव ही बहुधा चूक नसून पाद्र्याच्या कानावर पडलेला ध्वनी असतो. ते मोठ्याने वाचावे, त्याच हातचे खात्रीचे शब्द शेजारी ठेवून अक्षराचे वळण ताडावे, धर्ममातापित्यांची नावे पाहावीत आणि मग तीच आडनावे ग्रिफिथच्या १८४७ ते १८६४ मधील जमीन-मूल्यांकनात कोणत्या टाउनलँडमध्ये एकत्र येतात हे शोधावे. हे काम वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि फ्रीलविषयी थोडे. ज्या मोजणीने नावे बदलली, त्याच मोजणीत जॉन ओ’डोनोव्हन या विद्वानाने गावोगाव हिंडून, लोकांना विचारून, मूळ आयरिश रूपे नाव-वह्यांत टिपून ठेवली. ‘किल’ म्हणजे रान की चर्च, हे ठरवताना आज त्याच वह्या उघडाव्या लागतात. वर्गातल्या रूपकात ही अडचणीची गोष्ट बसत नाही, म्हणून ती गाळली जाते.

आता नाटकासोबत आम्ही बाप्तिस्मा-वहीच्या एका पानाचे छायाचित्र वाटतो. पहिल्या तासाला बहुतेकांना एकही ओळ लागत नाही. दुसऱ्या तासाला कोणीतरी पाद्र्याचा ‘जे’ ओळखतो, आणि मग सारा वर्ग त्या पानावर वाकतो.