‘थांब’चे ‘लांब’ झाले तर?

बालदोस्तांनो, शुद्धलेखनात एक अक्षर चुकले तर काय होते? फार तर एक मार्क जातो! पण ‘थांब’ लिहायच्या जागी कोणी ‘लांब’ लिहिले, तर वाचणारा थांबेल का? आपल्या शरीरातल्या पेशींसाठीही अशा लेखी सूचना असतात. त्यांना जनुके म्हणतात. त्यातले एकच अक्षर बदलले की काय होते, त्याची ही गोष्ट.

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. अंगावरचा तीळ म्हणजे या पेशींचा पुंजकाच. कधीकधी या पेशी बेसुमार वाढू लागतात. त्या आजाराला मेलॅनोमा म्हणतात. हा एक प्रकारचा कर्करोग. आपल्याकडे तो कमी आढळतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या गोऱ्या लोकांत मात्र बराच जास्त, कारण त्यांच्या कातडीत मेलॅनिन कमी आणि तिथले ऊन कडक.

पण पेशी वाढते कशी? त्यासाठी एक खेळ खेळू. पाच जण एकामागे एक उभे राहा. बाईंनी सर्वांत मागच्याच्या पाठीवर थाप मारली, की त्याने पुढच्याला मारायची, त्याने त्याच्या पुढच्याला. थाप सर्वांत पुढच्याला मिळाली, की त्याने एक पाऊल टाकायचे. थाप नाही, तर पाऊल नाही! पेशीतही ‘एकीच्या दोन व्हा’ हा निरोप असाच हातोहात जातो. मागून तिसरा गडी म्हणजे बी-रॅफ नावाचे प्रथिन आणि चौथा म्हणजे मेक.

आता तिसऱ्याच्या कानात सांगा, ‘थाप मिळो न मिळो, तू मारतच राहा.’ बघा, पुढचा चालतच सुटतो की नाही! मेलॅनोमात बऱ्याचदा हेच घडते.

२००२ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या पेशींतली जनुके अक्षर न् अक्षर वाचून काढली. मेलॅनोमात त्यांना बी-रॅफचे जनुक वारंवार बिघडलेले आढळले. बहुतेक वेळा चूक एकच! दोन हजारांहून जास्त अक्षरांत १७९९ व्या जागी ‘टी’ऐवजी ‘ए’. त्यामुळे प्रथिनाच्या माळेतला ६०० वा मणी बदलला आणि बी-रॅफ थांबायचेच विसरला. मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांत बी-रॅफमध्ये बिघाड सापडतो. तो आईबाबांकडून आलेला नसतो. जन्मल्यानंतर केव्हा तरी एखाद्या पेशीत झालेला असतो.

चूक सापडली, आता उपाय? प्रयोगशाळेत या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात. तुम्ही म्हणाल, मग त्या मारायला काय लागते? खरेच आहे. बशीत फिनेल ओतले तरी मरतील! पण फिनेल माणसाला देता येते का? बिघडलेल्या पेशी थांबाव्यात आणि चांगल्यांना धक्का लागू नये, हे खरे कोडे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी बिघडलेल्या बी-रॅफचा हात धरून ठेवणारा पदार्थ तयार केला. बशीत तो घातला, की बिघाड असलेल्या पेशींची वाढ थांबे. बिघाड नसलेल्या मेलॅनोमाच्या पेशी मात्र वाढतच राहत. म्हणूनच डॉक्टर आधी गाठीचा तुकडा तपासून बिघाड आहे का ते बघतात आणि मगच हे औषध देतात. त्याचे नाव व्हेम्युराफेनिब. ६७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. सहा महिन्यांनी जुने औषध घेणाऱ्यांपैकी शंभरात ६४ जण हयात होते, तर नवे घेणाऱ्यांपैकी ८४. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढू लागली. का? पेशींनी दुसरी वाट शोधली. आपल्या खेळात तिसऱ्याचा हात धरला, तर शेजारच्या रांगेतल्याने चौथ्याला थाप मारावी, तसेच! मग शास्त्रज्ञांनी चौथ्याचाही हात धरायचे ठरवले. बी-रॅफ आणि मेक या दोघांनाही अडवणारी औषधांची जोडी २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिचा गुण जास्त दिवस टिकतो. तरीही काही पेशी निसटतातच, म्हणून शोध चालूच आहे.

आता आरशात बघून प्रत्येक तिळाला घाबरू नका हं! बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. मेलॅनोमा शिवल्याने दुसऱ्याला होत नाही. पालकांनी मात्र लक्षात ठेवावे : तीळ वाढू लागला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला किंवा रक्त आले, तर डॉक्टरांना दाखवावा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा आजार बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथला नवा काळा डाग अंगावर काढू नये.

आणि दोस्तांनो, खेळाचे एक कोडे तुमच्यासाठी. तिसऱ्याचा आणि चौथ्याचा हात धरला, तरी पुढच्याला थाप मिळाली. ती कुठून आली असेल? मित्रांना घेऊन खेळून बघा आणि तुम्हाला सापडलेल्या वाटा वहीत काढा.