पेन्शनचा अंदाज: कॅल्क्युलेटरवरचा आकडा कितपत खरा?

माझी मावसबहीण गेल्या महिन्यात केंद्र सरकारच्या नोकरीत रुजू झाली. वय ३०, मूळ वेतन ३५,४०० रुपये. पेढे वाटून होत नाहीत तोच तिच्यापुढे फॉर्म आला: एनपीएस की यूपीएस? रुजू झाल्यापासून ३० दिवसांत यूपीएस निवडलं नाही, तर एनपीएस लागू होतं. ताईने दोन ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आपली माहिती भरली. एकाने एनपीएसमधून महिना सुमारे ९२ हजार पेन्शन सांगितली, दुसऱ्याने १ लाख २१ हजार. मग मला फोन. "तू कॉम्प्युटरवाला ना? यातलं खरं कोणतं?"

गणित म्हणून दोन्ही आकडे बरोबर होते. पण निर्णय घ्यायला त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता. का, ते पाहू.

आधी योजना समजून घेऊ

जुनी पेन्शन केंद्रात १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेल्यांना, आणि महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना मिळते. तिचं गणित सोपं: शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाई भत्ता. २०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, ते याच खात्रीसाठी.

एनपीएसमध्ये अशी खात्री नाही. कर्मचारी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, केंद्र सरकार १४ टक्के घालतं. पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात घेता येते आणि किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते. म्हणजे विमा कंपनीकडे रक्कम द्यायची आणि ती तुम्हाला आयुष्यभर दरमहा ठरलेले पैसे देणार.

यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, १ एप्रिल २०२५ पासून आली. (आमच्यासारख्यांना नाव ऐकून आधी बॅटरी बॅकअपच आठवतो, आणि कल्पना फार वेगळी नाही.) इथे कर्मचारी १० टक्के भरतो, सरकार तितकेच त्याच्या खात्यात घालतं आणि आणखी अंदाजे ८.५ टक्के एका सामाईक निधीत. २५ वर्षं सेवा झाली, तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता.

दोन साइट, दोन उत्तरं

एनपीएसचा अंदाज काढायला निदान तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: पगार कसा वाढेल, गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल आणि ३० वर्षांनी ॲन्युइटीचा दर काय असेल. ताईच्या दोन साइटमध्ये फरक एवढाच होता की पहिलीने परतावा ८ टक्के धरला होता आणि दुसरीने १० टक्के. ॲन्युइटीचा दर दोन्हीकडे ६ टक्के. परताव्यातल्या दोन टक्क्यांनी पेन्शन जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली.

यातला कुठलाच दर आज कुणाला माहीत नाही. तरी कॅल्क्युलेटर उत्तर रुपयापर्यंत अचूक दाखवतो, आणि आपण त्या अचूकपणाला भुलतो.

दुसरी गडबड जास्त मोठी. हे रुपये ३० वर्षांनंतरचे आहेत. महागाई ५ टक्के धरली, तर तेव्हाचे ९२ हजार म्हणजे आजचे साधारण २१-२२ हजार रुपये. हे ऐकून ताई फोनवर गप्पच झाली.

सगळं आजच्या रुपयांत

म्हणून मी एक साधी शीट केली. महागाई भत्ता जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के, दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ, महागाई ५ टक्के, सेवा ३० वर्षं. वेतन आयोगाची वाढ धरली नाही. उत्तरं आजच्या रुपयांत:

- शेवटचा पगार, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता: सुमारे १ लाख ३२ हजार.
- यूपीएस, खात्यातून काहीही न काढता: महिना सुमारे ६६ हजार. शिवाय एकरकमी साधारण ७.९ लाख, कारण सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी शेवटच्या पगाराचा दहावा हिस्सा मिळतो.
- एनपीएस, ६० टक्के काढून: ८ टक्के परताव्याने ६७ लाख हातात आणि महिना २२,३००. १० टक्क्यांनी ८८ लाख आणि महिना २९,४००.

हे पाहून "६६ हजार कुठे आणि २२ हजार कुठे!" असं वाटतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते इथेच थांबतात. पण ही तुलना बरोबर नाही, कारण एनपीएसमध्ये ६७ लाख आधीच हातात आलेत.

तुलना दोन प्रकारे सारखी करता येते. पहिली: एनपीएसमध्येही काही काढू नका, पूर्ण रकमेची ॲन्युइटी घ्या. मग महिना ५५,८०० ते ७३,६०० येतात, यूपीएसचे ६६ हजार त्यांच्या मध्ये. दुसरी: यूपीएसमधूनही ६० टक्के काढा. तशी सोय आहे, मात्र पेन्शन त्याच प्रमाणात घटते. ८ टक्के परताव्याने साधारण ५६ लाख हातात येतात, वर ते ७.९ लाख, आणि पेन्शन महिना सुमारे २६,४०० उरते.

म्हणजे पहिल्या महिन्याला दोन्ही योजना बऱ्याच जवळ आहेत. खरा फरक नंतर पडतो. यूपीएसच्या पेन्शनवर महागाई भत्ता वाढत राहतो. एनपीएसची नेहमीची ॲन्युइटी मात्र स्थिर असते. ५ टक्के महागाईत १५ वर्षांनी तिची खरेदीची ताकद निम्म्याहून थोडी कमी होते. पंचाहत्तरीत औषधांचा खर्च वाढलेला असताना हातातले २२,३०० हे १०,७०० सारखे वाटतील.

वेतन आयोग कुठे बसतो

आठवा वेतन आयोग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये स्थापन झाला. ताईच्या नोकरीत असे आणखीही आयोग येतील. यूपीएसची पेन्शन शेवटच्या १२ महिन्यांच्या मूळ वेतनावर ठरते, त्यामुळे निवृत्तीच्या थोडं आधी वेतन वाढलं तरी पूर्ण पेन्शन वाढते. एनपीएसमध्ये मात्र ती वाढ फक्त पुढच्या हप्त्यांत दिसते, आधीच्या २५ वर्षांचे हप्ते जुन्या पगारावरच भरलेले असतात.

'खात्रीची' म्हणजे किती?

यूपीएसच्या सूत्रात अटी आहेत. सेवा १० ते २५ वर्षं असेल तर पेन्शन त्या प्रमाणात कमी होते. १० वर्षं पूर्ण झाली तर किमान १०,००० रुपये. स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पेन्शन तेव्हापासून सुरू होत नाही, मूळ निवृत्तीच्या तारखेपासून होते. मधल्या वर्षांची सोय आपली आपण करायची.

शिवाय तुमच्या खात्यातल्या रकमेची तुलना एका आधार रकमेशी होते. सगळे हप्ते वेळेवर भरले, काही काढलं नाही आणि ठरलेल्या पर्यायात गुंतवणूक ठेवली, तर जे जमलं असतं ती आधार रक्कम. तुमची रक्कम कमी पडली आणि भर घातली नाही, तर पेन्शनही तेवढ्या प्रमाणात कमी.

आणि वारसांचं काय? यूपीएसमध्ये कर्मचाऱ्याच्या पश्चात पती किंवा पत्नीला ६० टक्के मिळतात. पण खात्यातली रक्कम मुलांना परत मिळत नाही. एनपीएसमध्ये मूळ रक्कम वारसांना परत देणारी ॲन्युइटी घेता येते, तिचा दर मात्र कमी असतो.

ताईने काय केलं

यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदा जाता येतं, निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी आणि शिस्तभंगाची कारवाई सुरू नसेल तर. एनपीएसमध्ये राहिल्यावर मात्र नंतर मनात आलं म्हणून यूपीएसमध्ये येता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एका बाजूला रोलबॅक आहे, दुसऱ्या बाजूला नाही. लग्न, घर, मुलं, काहीच ठरलेलं नसताना ताईला परतीची वाट असलेला पर्याय बरा वाटला. तिने यूपीएसवर टिक केली.

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. नोकरी २५ वर्षांआधी सोडायचा विचार असेल किंवा मुलांसाठी रक्कम ठेवायची असेल, तर एनपीएसचा नीट विचार करा. राज्य शासनात असाल तर हे आकडे जसेच्या तसे लावू नका, तुमच्या शासन निर्णयातल्या अटी आणि तारखा पाहा. आणि कुठल्याही कॅल्क्युलेटरवर आकडा दिसला की आधी तीन गोष्टी शोधा: परतावा किती धरलाय, हे रुपये कोणत्या वर्षाचे आहेत, आणि पेन्शन महागाईबरोबर वाढते का. हे तिन्ही जिथे लिहिलेलं नाही, त्या आकड्यावर ३० वर्षांचा निर्णय घेऊ नका.