थकवणाऱ्याला निम्मी माफी, भरणाऱ्याला पाच टक्के

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या मोठ्या गावात कर न भरणारे दोन तऱ्हेचे असतात. एकाला घरपट्टी भरायचीच नसते. दुसऱ्याला जीएसटी भरायचा असतो, पण भरताना तो चुकतो किंवा त्याला उशीर होतो. सरकारची मर्जी बहुतेक वेळा पहिल्यावर बसते आणि दंडाचा बडगा दुसऱ्याच्या डोक्यात बसतो. आमची तक्रार नेमकी याच उफराट्या न्यायाबद्दल आहे.

घरपट्टीचेच घ्या. ३० सप्टेंबरच्या आत भरली तर पाच टक्के सूट, ३१ मार्च उलटला तर पाच टक्के दंड, हा ग्रामपंचायतींचा जुना शिरस्ता. २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान आले आणि त्यातच थकबाकीत ५० टक्के सवलतीची मुभा आली. घरमालकाने चालू वर्षाचा कर आणि मागच्या बाकीतला निम्मा भाग एकरकमी भरायचा, की उरलेला निम्मा माफ. म्हणजे दरवर्षी वेळेत जाऊन पावती फाडणाऱ्याला पाच टक्के आणि वर्षानुवर्षे ग्रामसेवकाला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणाऱ्याला पन्नास टक्के! (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. हेलपाटे तेच.)

सवलत दिल्याशिवाय बाकी निघत नाही, असे गावोगावचे सरपंच सांगतात आणि त्यात तथ्य आहे. नळयोजनेचे वीजबिल थकले की पंचायतीला आज हाती येणारी रक्कम उद्याच्या पूर्ण रकमेपेक्षा मोलाची वाटते. सोयाबीनचा भाव पडला की घरपट्टी मागे राहते, हेही खरे. पण बाकी केवळ गरिबीमुळे राहते, हे आम्हाला पटत नाही. मागणीचे बिल मिळून तीन महिने झाले तरी ज्याने पंचायतीचा कर भरला नाही, त्याला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सदस्य होता येत नाही. निवडणूक लागली की इच्छुकांची वर्षानुवर्षांची बाकी एका दुपारी चुकती होते, ती यामुळेच. त्या दुपारी पैसे कुठून येतात? ते आधीही असतात; भरण्याची निकड तेवढी नसते.

वरच्या पातळीवरही हाच खेळ आहे. विक्रीकराच्या जुन्या थकबाकीसाठी राज्याने २०१९, २०२२ आणि २०२३ असे तीनदा तडजोडीचे कायदे केले. २०२२ ला वर्षाला १० हजारांपर्यंतची बाकी पूर्ण माफ होती. २०२३ ला ती मर्यादा थेट २ लाखांवर गेली. आधीच्या योजनेत निमूटपणे पैसे भरून मोकळा झालेला व्यापारी पुढची योजना वाचून कपाळावर हात मारणार नाही तर काय? जीएसटीत २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या साध्या चुकांसाठी कलम १२८अ आणले गेले: ३१ मार्च २०२५ पर्यंत मूळ कर भरा, व्याज आणि दंड माफ. नवा कायदा, नवे पोर्टल, सगळेच चाचपडत होते. म्हणून ही माफी रास्तच होती. पण त्यातही एक मेख होती. ज्यांनी व्याज-दंड आधीच भरला होता, त्यांना परतावा नाही. कायद्यात ते स्पष्ट लिहून ठेवले आहे.

सगळ्याच अभय योजनांना आमचा विरोध नाही. मुद्रांक शुल्क कमी पडले तर महिन्याला दोन टक्के दंड चढतो आणि चढत चढत कमी पडलेल्या रकमेच्या चौपटीपर्यंत जातो. तिथे डिसेंबर २०२३ पासून राज्याने दिलेले अभय योग्यच होते, कारण मुळात दंडच चुकीचा होता.

आता दुसऱ्या तऱ्हेचा माणूस. बीबीतला एखादा हार्डवेअरवाला घ्या. त्याची रिटर्न भरणारा मेहकरला किंवा जालन्याला. पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर. नोटीस निघते ती पोर्टलवर ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ नावाच्या कोपऱ्यात जाऊन पडते. दुकानदाराला कळते ते आदेश झाल्यावर, कधी थेट बँक खाते गोठल्यावर. मद्रास उच्च न्यायालयाने अशा कित्येक प्रकरणांत आदेश रद्द करून व्यापाऱ्याला पुन्हा बाजू मांडू दिली. पण हायकोर्टाची पायरी चढणे बीबीच्या दुकानदाराला परवडते का? दंडाचा हिशेब तर त्याहून अजब. साध्या चुकीलाही कराच्या दहा टक्के किंवा १० हजार रुपये, यातली जी रक्कम मोठी ती दंड म्हणून लागते. तीन हजारांचा कर कमी पडला, तर दंड १० हजार! दुकान बंद ठेवून दरमहाचे निल रिटर्न विसरले, तरी एका रिटर्नला ५०० रुपयांपर्यंत लेट फी, म्हणजे वर्षाला ६ हजार, एक रुपयाचीही विक्री नसताना.

गंमत अशी, की यातून सुटायची वाट कायद्यातच आहे आणि तिला कुठल्याही योजनेची गरज नाही. हेतुपुरस्सर फसवणूक नसेल आणि नोटीस येण्याआधी आपण होऊन कर व व्याज भरले, तर दंड शून्य. नोटीस आल्यावर ३० दिवसांत, आणि २०२४-२५ पासूनच्या व्यवहारांना ६० दिवसांत भरले, तरीही शून्य. ग्राहकाकडून कर घेऊन तो गिळून बसलेल्याला ही सूट नाही, आणि ते बरोबरच आहे. दंड लावता येतो म्हणून लावलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान स्टीलच्या खटल्यात १९६९ लाच सांगितले आहे. प्राप्तिकरातही सबळ कारण दाखवले तर बऱ्याच दंडांतून सुटका होते. हे गावात सांगतो कोण? तडजोड योजनेच्या जाहिराती पानभर येतात. या ३० आणि ६० दिवसांची जाहिरात आम्ही तरी पाहिलेली नाही.

राज्य कर विभागाने नोटीस पोर्टलवर टाकून हात झटकू नयेत. ती दुकानाच्या पत्त्यावर टपालाने, मराठीत पाठवावी आणि दंड न लागण्याची मुदत तिच्या पहिल्याच ओळीत लिहावी. दहा हजारांचा किमान दंड छोट्या रकमांसाठी काढून टाकावा. ग्रामसभांनीही सवलतीचा ठराव हात वर करून मंजूर करण्याआधी वेळेत भरणाऱ्यांची यादी वाचून दाखवावी आणि त्यांची पाच टक्के सूट वाढवून मागावी.

तोवर दुकानदारांनी एवढे करावे: पोर्टलचा पासवर्ड आपल्याकडे घ्यावा, नोंदीत मोबाइल नंबर स्वतःचा लावावा, महिन्यातून एकदा तो नोटिसांचा कोपरा उघडून पाहावा. चूक सापडली तर पुढच्या अभय योजनेची वाट न बघता आपण होऊन कर भरण्याचा डीआरसी-०३ हा फॉर्म भरून मोकळे व्हावे.