चीजचा कोर्स करण्याआधी एकदा खव्याच्या भट्टीवर जाऊन या



गेले काही महिने एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, आर्टिझन चीजचा कोर्स कुठे करायचा? पाच लाखांत युनिट बसेल का?" विचारणारे कोण, तर आपलीच हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडची पोरं. घरी दोन-तीन म्हशी, आणि मोबाईलवर बघितलेली एखादी रील. शहरातलं जोडपं सुट्टीत खेड्यात जातं, तिथे चीज बनवणारा सापडतो, आणि छोटासा तुकडा पाचशे रुपयांना घेऊन दोघं खूश होऊन परततात.

माझं मत सरळ सांगतो. कर्ज काढून चीजमध्ये उतरू नका. निदान आत्ता तरी नाही.

दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चेडर निघतं. ते लगेच विकता येत नाही, थंड खोलीत महिनोन्‌महिने मुरवावं लागतं. म्हणजे दुधाचे पैसे आज गेले, गिऱ्हाईकाचे सहा महिन्यांनी येणार, आणि मधल्या काळात मे महिना. आपल्याकडचा मे आणि आपल्याकडची लाईट, दोन्ही तुम्हाला माहीत आहेत. शिवाय खाणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत. तिथपर्यंत माल थंड ठेवून न्यायचा खर्च वेगळाच.

यात यशस्वी झालेले लोक आहेत, नाही असं नाही. मौसम नारंग यांनी २०१५ मध्ये मुंबईत एलेफ्थेरिया नावाने चीज बनवायला सुरुवात केली. त्यांच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं. पण त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याच शहरात होतं, हे विसरू नका. आणि ब्रुनोस्ट म्हणजे काय माहितीये? नॉर्वेतला प्रकार. चीज करताना जी निवळी उरते ती तासन्‌तास आटवायची, तपकिरी घट्ट गोळा होईपर्यंत. ओळखीचं वाटलं ना? आटवणं आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणूनच नरसीचा विषय काढतोय. कयाधूकाठी संत नामदेवांचं हे जन्मगाव. आषाढ वद्य एकादशीला परतवारीची गर्दी असते, आणि गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची पदं असल्यामुळे पंजाबातून शीख भाविकही येतात. आम्ही घरचे सगळे एका रविवारी गेलो होतो. दर्शन झालं, नदीकाठी डबे खाल्ले, आणि परतताना रस्त्यालगतच्या शेतात एका पत्र्याच्या शेडमधून धूर दिसला. खव्याची भट्टी होती. साठीतल्या एक मावशी लांब दांड्याच्या उलथण्याने कढई हलवत होत्या. एका घाण्याला पाच लिटर दूध, अर्धा तास हात थांबवायचा नाही. थांबला की तळाला लागलं. खवा कढईची कड सोडायला लागला की जाळ कमी. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. कोणाच्या दुधात पाणी आहे हे त्यांना हलवतानाच कळतं.

रीलमधला तो चीजवाला कारागीर असेल, तर या मावशी कोण?

मी विचारलं, "मावशी, परवडतं का?" त्या म्हणाल्या, "घरचं दूध हाय म्हणून परवडतंय बघा."

या एका वाक्यात आपल्या गावांतले कितीतरी धंदे बुडालेत. आकडे उदाहरणाचे धरतो, तुम्ही तुमच्या गावचे टाका. म्हशीचं दूध ६० रुपये लिटर. पाच लिटरचे ३००. त्यात खवा एक किलो, चांगलं दूध असेल तर थोडा जास्त. सरपण ३० रुपये. अर्ध्या तासाची मजुरी २५. झाले ३५५. व्यापारी देतो ३००. म्हणजे किलोमागे ५५ रुपये मावशींनी खिशातून घातले, वर डोळ्यांत धूर. घरचं दूध फुकट नसतं हो. पेंड, कडबा, आणि पहाटे उठणारी बाई, सगळ्याला किंमत आहे.

आता त्याच एक किलो खव्यात ३०० ग्रॅम साखर घालून सव्वा किलो पेढा करा. साखर १५, बॉक्स ४०, वळायची मजुरी ५०. एकूण खर्च ४६०. पेढा ४८० रुपये किलोने विकला तर ६०० येतात. १४० उरले, तेही सगळ्यांची मजुरी देऊन.

"पण सर, पेढा तर सगळेच विकतात." बरोबर. त्या दिवशी मी घेतलेल्या बॉक्सवर नुसतं 'स्पेशल पेढा' छापलेलं होतं. ना गावाचं नाव, ना फोन नंबर. घरी गेल्यावर आवडला तरी परत मागवायचा कोणाकडून? भूम तालुक्यातलं कुंथलगिरी बघा. तेही तीर्थक्षेत्रच, जैनांचं. तिथल्या खव्याला २०२४ मध्ये जीआय मिळालं. त्याच वर्षी आपल्या वसमतच्या हळदीलाही मिळालं. हळदीने जिल्ह्याचं नाव केलं, दुधाला मात्र अजून नाव नाही.

पुढचं पाऊल छोटं ठेवा. स्वतःची भट्टी घालू नका. जिच्या हातात कला आहे तिच्याकडून खवा घ्या, पण ३०० ने नाही, ३७० ने. हो, तुमच्या १४० मधले १५ गेले. जाऊ द्या, पुढच्या महिन्यात खवा तुम्हालाच मिळेल. एफएसएसएआयची नोंदणी आधी. पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण आधी शंभर किलो माल विका, मग बँकेत जा. अनुदानासाठी सुरू केलेला धंदा अनुदानापुरताच चालतो, असे मी बरेच पाहिलेत. खव्यात पिठाची भेसळ असते हे गिऱ्हाईकाला माहीत असतं, म्हणून काउंटरवर आयोडीनची बाटली ठेवा. थोडा खवा पाण्यात उकळून गार करायचा आणि त्यात दोन थेंब टाकायचे. निळा झाला तर पीठ. गिऱ्हाईकासमोर करा, जाहिरातीचा खर्च वाचेल.

फक्त यात्रेवर अवलंबून राहू नका. यात्रेचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. लग्नसराई आणि दिवाळीआधी हिंगोलीतल्या दुकानांना माल लावा. उन्हाळ्यात खवा बाहेर दिवसभरही टिकेल याची खात्री नाही, तेव्हा ऑर्डर असेल तेवढाच काढा.

बॉक्सवर संतांचा फोटो मात्र छापू नका. पेढे संपले की बॉक्स उकिरड्यावर जातो. गावाचं नाव मोठं छापा, मागच्या बाजूला बनवणाऱ्या बाईचं नाव, तिला विचारून. मी मावशींना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव वाचून कोण घेणार?" पहिले वीस बॉक्स मी माझ्या दुकानात ठेवतो, बघू कोण घेतं.