निंबोळीचे मोल

सोमवारच्या बैलबाजारासाठी ख्यात असलेल्या बेल्हे परिसरात, इतर ग्रामीण महाराष्ट्राप्रमाणेच, गोठ्यात कडुनिंबाचा धूर करून डास पळविण्याची रीत जुनी आहे. मात्र धूर विरताच डास परततात. ह्या रीतीतून भरवशाचे डासरोधक निर्माण करणे हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे.

लिंबगंधी निलगिरीच्या तेलाची शिफारस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ साली केली, ती परंपरेच्या नव्हे, तर चाचण्यांच्या आधारे. वनस्पतिजन्य तेले लवकर उडून जातात. त्यांची मात्रा, शुद्धता व टिकाऊपणा सिद्ध करण्यासच खरा खर्च येतो. हा खर्च जो करतो, नफाही त्याच्याच पदरी पडतो. कडुनिंबाच्या तेलापासूनच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले, २००५ मध्ये तो निर्णय कायम झाला. मक्तेदारी टळली, पण तेवढ्याने गावात उद्योग उभा राहत नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्या व लाभाच्या वाटणीची तरतूद केली आहे. त्या समित्या नोंदवहीपुरत्या उरू नयेत. चाचणीचा भार शासनाने उचलावा. अन्यथा शेतकरी निंबोळी मातीमोलाने विकील आणि तिचाच अर्क बाटलीच्या भावाने विकत घेईल.