किनाऱ्याची नावे कोण टिपणार?

इंग्रजी नकाशांत विजयदुर्ग ‘घेरिया’ या नावाने आढळतो. बाणकोटचा किल्ला १७५६ च्या तहाने इंग्रजांकडे कायम झाला आणि त्यांच्या दप्तरी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठरला. या मोठ्या स्थळांना कागदपत्रांचा आधार असल्याने जुने नकाशे वाचणाऱ्या अभ्यासकाचे फारसे अडत नाही.

खरी अडचण लहान नावांची आहे. कालवे काढण्याचे खडप, मासळी वाळविण्याची पुळण, बांध घालून राखलेले खाजण यांना कोकणात गावकऱ्यांच्या तोंडी आपापली नावे असतात. नकाशावर मात्र केवळ खडक, वाळू आणि दलदल उरते. हा प्रश्न इतिहासापुरता नाही. निनावी दलदल पडीक ठरते, आणि पडीक जागेवर भराव घालताना कोणाचा हक्क बुडाला, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमारांच्या सामाईक जागा गावपातळीवरील नकाशांत दाखविण्यास सांगितले खरे; पण त्या जागा मोजणीदाराला दाखविणार कोण?

हे काम किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. अमावास्येच्या ओहोटीला जाणत्या कोळ्यासोबत फिरावे, नाव उच्चारले जाते तसेच लिहावे, स्थान व सांगणाऱ्याचे गाव नोंदवावे. एकाच खडकाला दोन गावांची दोन नावे असतील तर दोन्ही ठेवावीत. नावे ‘शुद्ध’ करण्याचा मोह प्राध्यापकांनी आवरावा. तेवढे नुकसान इंग्रजांनी केलेलेच आहे. डोंगराची खूण धरून होडी हाकणारी पिढी आता थकली. तरुण तांडेल उपग्रहाच्या यंत्रावरील आकडे पाहून जाळे टाकतो. त्याला या नावांची गरज उरलेली नाही.